कुलूप म्हणजे वसुली नव्हे!

कर्ज थकले म्हणून बँकेने ताब्यात घेतलेल्या घराचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न कालपरवापर्यंत मुंबई-पुण्याच्या सदनिकांपुरता मर्यादित समजला जात असे. गावठाणातील घराला तारण म्हणून बँक सहसा हात लावीत नसे, कारण त्या घराच्या मालकीचा कागदच बहुधा कोणाजवळ नसे. ही स्थिती आता पालटत आहे. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने स्वामित्व योजनेस आरंभ केला, ड्रोनच्या साह्याने गावठाणांची मोजणी सुरू झाली, आणि १८ जानेवारी २०२५ या एकाच दिवशी देशातील ५० हजारांहून अधिक गावांतील लोकांना ६५ लाखांवर मिळकत पत्रिका देण्यात आल्या. नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडीसारख्या गावात ज्या घरांची नोंद ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या वहीपलीकडे कोठे नसे, अशा घरांना या पत्रिकेमुळे बाजारात किंमत येते. या कागदावर कर्ज मिळेल, असे गावकऱ्यांस सांगण्यात येते, आणि ते खरेही आहे. परंतु ज्या कागदावर कर्ज मिळते त्याच कागदावर जप्तीही येते, हे मात्र कोणी सांगत नाही. ते सांगण्याचे अप्रिय कर्तव्य आज आम्ही करीत आहोत. कारण जप्ती आल्यानंतर त्याचा विचार करण्यापेक्षा ती येण्यापूर्वी केलेला बरा.

शेतकऱ्याला एक समजूत असते की, आपल्या मालमत्तेला कायद्याचे कवच आहे. ती अर्धीच खरी आहे. 'सरफेसी' या आखूड नावाने ओळखल्या जाणाऱ्या २००२ च्या कायद्याने बँकांना न्यायालयाची पायरी न चढता तारण ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार दिला. त्या कायद्याच्या ३१ व्या कलमाने शेतजमीन त्यातून वगळली आहे, एक लाखाच्या आतील कर्जही वगळले आहे. परंतु राहते घर वगळलेले नाही. सहकारी बँकांना हा कायदा लागू आहे की नाही, हा वाद बरीच वर्षे चालला. कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ५ मे २०२० रोजी तो मिटविला, आणि सहकारी बँकांच्याही हाती हे शस्त्र आले. म्हणजे एका बाजूने गावातील घराला कागद मिळाला, तर दुसऱ्या बाजूने गावाच्या अगदी जवळ असलेल्या बँकेला जप्तीचा अधिकार मिळाला. या दोन्ही गोष्टी एकाच वसंत ऋतूत घडल्या, हा केवळ योगायोग असेल. पण त्यांचा परिणाम एकत्रच होणार आहे.

मंदी हा शब्द उच्चारताच आपल्यासमोर शेअरबाजार उभा राहतो. खानदेशातील मंदीचे रूप निराळे असते. शहाद्याच्या पपईला भाव मिळाला नाही, नंदुरबारच्या बाजारात मिरची उतरली, कापूस घरात पडून राहिला, की त्या वर्षी तालुक्यात मंदी आलीच. वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पृष्ठांवर तिची नोंद होत नाही. शेतकऱ्याचे हात आखडले की गवंड्याचे, सुताराचे, किराणा दुकानदाराचे, रिक्षावाल्याचे हातही आखडतात. हप्ता थकतो तो त्या वेळी. हप्ता थकून ९० दिवस लोटले की ते कर्ज बँकेच्या वहीत अनुत्पादक ठरते, त्यानंतर ६० दिवसांची नोटीस निघते, आणि त्या मुदतीत पैसे न भरल्यास ताबा. आता या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी गुजरातेत उतरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात, हे लक्षात घ्यावे. कर्जदार नोटीस घेण्यास सापडला नाही तर ती दारावर डकवावी आणि दोन वृत्तपत्रांत छापावी, अशी नियमाची तरतूद आहे. नियम पाळला गेला, यात शंका नाही. पण बारडोलीच्या उसाच्या फडात असलेल्या माणसाला आपल्या घराच्या दारावरचा कागद कसा वाचता येणार? ६० दिवस संपतात, आणि घरी परतावे तो दारावर दुसऱ्याचे कुलूप. त्याविरुद्ध दाद मागावयाची तर ४५ दिवसांच्या आत ऋणवसुली न्यायाधिकरणाकडे जावे लागते. ते न्यायाधिकरण जिल्ह्यात नाही, आणि जवळच्या दिवाणी न्यायालयास या कामात हात घालण्यास कायद्यानेच मनाई केली आहे.

यापुढचा अंक लिलावाचा. त्याचे नियम वाचले म्हणजे मंदीत घर कोणाच्या हाती जाणार हे निराळे सांगावे लागत नाही. बोली ज्याच्या नावावर पडली त्याने चौथा हिस्सा रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी भरावयाची, आणि उरलेली १५ दिवसांत. बँकेने संमती दिली तर ही मुदत वाढते, पण तीन महिन्यांपलीकडे नाही. सुगीच्या चांगल्या वर्षीही गावात एवढी रोकड कोणाच्या गाठीला असते? मंदीच्या वर्षी तर ती एखाद्याच्याच हाती असणार, आणि तो एखादा कोण हे गावात कोणालाही विचारावे. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्याच्या मुळाशी हेच दुखणे होते: भाव पडलेले असताना वसुलीचा तगादा, आणि त्या तगाद्यातून मातीमोलाने होणारे मालमत्तेचे हस्तांतर. लिलाव आता संगणकावर होतात. सरकारी बँकांसाठी जानेवारी २०२५ मध्ये नवे लिलाव-संकेतस्थळ सुरू झाले, तेव्हा त्यावर १ लाख २२ हजारांहून अधिक मालमत्ता चढविण्यात आल्या होत्या. साधन नवे आहे, सोयीचे आहे, पारदर्शकही आहे. परंतु पडत्या बाजारात एकाच वेळी शेकडो घरे विक्रीस काढली तर भाव आणखी पडतो, हा नियम संगणकाने बदलत नाही. शिवाय लिलावात कमी रक्कम आली तर उरलेले देणे कर्जदाराच्या मानेवर राहतेच. घरही गेले आणि कर्जही उरले, असा हा दुहेरी दंड आहे.

येथे बँकेचा पक्ष न्यायाने मांडला पाहिजे. बँकेचा पैसा बँकेचा नसतो, तो ठेवीदाराचा असतो. आणि ठेवीदार म्हणजे कोणी कुबेर नव्हेत. निवृत्त शिक्षक, विधवा, मुलीच्या लग्नासाठी चार पैसे बाजूस टाकणारा छोटा दुकानदार, यांच्याच ठेवी तेथे असतात. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा आपल्याच पैशासाठी रांगेत उभे राहण्याची पाळी कोणावर आली हे महाराष्ट्राने पाहिले आहे. तेव्हा वसुलीच करू नका, असा सल्ला आम्ही बँकांना देणार नाही. कर्ज हे परत करण्यासाठीच असते. प्रश्न एवढाच की, भाव पडलेले असताना घरातील माणसे बाहेर काढून आणि दाराला कुलूप ठोकून ठेवीदाराचा पैसा खरोखर परत येतो काय?

तो येत नाही, याचा दाखला जवळच्याच एका जिल्ह्यात आहे. नाशिक जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने थकबाकीदार शेतकऱ्यांच्या जमिनी व ट्रॅक्टर लिलावास काढले, आणि त्यावरून २०२३ साली मोठी आंदोलने झाली. बोली लावण्यास कोणी पुढे येईना, तेव्हा जमिनींच्या सातबाऱ्यावर बँकेचे नाव लावण्याचा मार्ग अवलंबिण्यात आला. विकली न जाणारी मालमत्ता संस्थेच्या नावे करण्याची तरतूद १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाच्या १०० व्या कलमात आहे. तेव्हा हे बेकायदेशीर होते असे म्हणता येत नाही. परंतु त्यातून निष्पन्न काय झाले? बँकेला रोकड हवी होती, तिच्या पदरी कागद पडला. शेतकऱ्याला मुदत हवी होती, त्याच्या पदरी नामुष्की पडली. आणि ठेवीदाराची चिंता जेथल्या तेथेच राहिली. ती तर जमीन होती. जमीन पडीक राहिली तरी मरत नाही. घर मात्र मरते. एक पावसाळा कौले शाकारली नाहीत, एक दिवाळी भिंतीला हात फिरला नाही, की वाळवी आणि ओल त्याचा ताबा बँकेपेक्षाही त्वरेने घेतात. नांदत्या घराची किंमत आणि ओसाड घराची किंमत यांतील फरक मूल्यमापकाच्या अहवालाआधी रस्त्याने जाणाऱ्याला दिसतो.

मग बँकेने करावे काय? आमचे उत्तर सरळ आहे. मंदीच्या काळात ताब्यात आलेल्या घरात, ज्याचे घर त्यालाच, भाडेकरू म्हणून राहू द्यावे. आणि बाजार सावरेपर्यंत विक्री थांबवावी. हे दयेचे आवाहन नव्हे. बँकांच्या हाती असलेल्या कायद्यातच त्याची सोय आहे. सरफेसी कायद्याच्या १३ व्या कलमाचे चौथे पोटकलम कोणीही उघडून पाहावे. तारण ताब्यात घेणाऱ्या बँकेला ते भाडेपट्ट्याने देण्याचा, अभिहस्तांकनाने देण्याचा किंवा विकण्याचा अधिकार त्यात दिलेला आहे. तीन मार्गांत भाडेपट्ट्याचे नाव पहिले आहे. बँकांनी मात्र तिसरा मार्गच एकमेव मानला. लिलावात गिऱ्हाईक न आल्यास पुढच्या लिलावात बँकेने स्वतः बोली लावून घर आपल्याकडे घ्यावे, अशी तरतूदही दुरुस्तीने झाली असून ती जानेवारी २०१३ पासून अमलात आहे. आणि असे घर किती काळ ठेवता येते हे १९४९ च्या बँकिंग नियमन अधिनियमाचे ९ वे कलम सांगते. ती मुदत ७ वर्षांची आहे. सात वर्षांत खानदेशात दोन दुष्काळ येऊन जातात आणि चार चांगल्या सुग्याही येतात. कायद्याने एवढा अवकाश दिला असताना पहिल्याच हंगामात घर मोडीच्या भावाने काढण्याची घाई कशासाठी?

शाळेच्या फळ्यावर मांडावा तसा एक साधा हिशेब येथे मांडतो. समजा, घराची रास्त किंमत सहा लाख रुपये आणि बँकेचे येणे पाच लाख. मंदीत लिलाव झाला आणि साडेतीन लाख आले. खर्च वजा जाता हाती तीन लाख चाळीस हजार. ती रक्कम शेकडा सात दराने तीन वर्षे गुंतविली तर सरळ व्याज येईल ७१,४०० रुपये. आता समजा, घर विकले नाही, त्याच कुटुंबाकडून महिना दोन हजार रुपये भाडे घेतले. तीन वर्षांत भाडे येईल ७२,००० रुपये. म्हणजे व्याज आणि भाडे जवळजवळ सारखेच. तीन वर्षांनी भाव काडीचाही सुधारला नाही तरी बँक तोट्यात जात नाही. आणि भाव पाच लाखांपर्यंत जरी सावरला तरी दीड लाखाचा फरक पडतो. हा फरक ठेवीदाराचा आहे. आकडे प्रत्येक गावी निराळे असतील, दुरुस्तीचा खर्चही धरावा लागेल. पण हिशेबाची रीत हीच राहील. घरात माणूस राहिला की दिवा लागतो, गळती थांबते, आणि बँकेला पहारेकरी ठेवावा लागत नाही.

हा प्रयोग जगात झालेला नाही असेही नाही. १९२९ च्या महामंदीनंतर अमेरिकेत घरांवर धडाधड जप्त्या आल्या, तेव्हा १९३३ साली तेथील सरकारने गृहस्वामी कर्ज महामंडळ स्थापन केले. त्याने सुमारे दहा लाख कुटुंबांची थकलेली कर्जे आपल्याकडे घेऊन हप्ते लांबवून दिले. तरीही त्यांतील सुमारे पाचव्या हिश्श्याची घरे अखेर ताब्यात घ्यावी लागली. ती घरे महामंडळाने एकदम बाजारात लोटली नाहीत. दुरुस्त केली, भाड्याने दिली आणि बाजार सावरत गेला तसतशी विकली. १९५१ मध्ये महामंडळाचा व्यवहार आटोपला तेव्हा सरकारी तिजोरीला खोट आली नव्हती. याच्या उलट चित्र २००८ नंतर त्याच देशातील क्लीव्हलँड शहरात दिसले. तेथे माणसे बाहेर काढलेली घरे रिकामी राहिली, त्यांची तावदाने फुटली, तारा-नळ चोरीस गेले, शेजारच्या नांदत्या घरांचेही भाव कोसळले, आणि अखेर हजारो घरे सार्वजनिक खर्चाने पाडावी लागली. एकाच देशाने ऐंशी वर्षांच्या अंतराने दिलेले हे दोन धडे आहेत. मात्र पहिल्या धड्यातील एक दोषही विसरता कामा नये. त्याच महामंडळाच्या नकाशांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्या धोक्याच्या म्हणून लाल रंगाने दाखविल्या गेल्या. सवलत कोणास मिळते आणि कोणास नाकारली जाते, यावर सवलतीची खरी परीक्षा होते.

ही परीक्षा नंदुरबार जिल्ह्यात फार कठोर होईल. २०११ च्या जनगणनेप्रमाणे येथील सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. गहाणखतांतून आणि कर्जांतून त्यांच्या जमिनी कशा गेल्या, हा इतिहास शहादे-तळोदे भागाला सांगावयास नको. १९७० नंतरच्या वर्षांत अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटना यांनी जो लढा दिला तो याच प्रश्नावर होता. त्यानंतर १९७४ चा जमिनी परत करण्याचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी मूळ मालकांस मिळाव्यात, हा त्याचा हेतू. गेलेली मालमत्ता परत मिळविणे हे ती न जाऊ देण्यापेक्षा किती कठीण असते, याचा अनुभव या जिल्ह्याने घेतला आहे. आदिवासीची जमीन परवानगीवाचून बिगर-आदिवासीकडे जाऊ नये, असे महाराष्ट्राच्या महसूल संहितेचे ३६-अ हे कलम सांगते. परंतु त्रिपुरातील अशाच एका राज्य-कायद्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये असा निर्णय दिला आहे की, बँकेच्या लिलावापुरता सरफेसी कायदाच वरचढ ठरतो. हा निर्णय वाचल्यावर पाड्यावरील घराची मिळकत पत्रिका तारण ठेवून घेणाऱ्या प्रत्येक बँकेने आणि ती ठेवू देणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने क्षणभर थांबून विचार करावा, असे आम्हांस वाटते.

या सर्व विवेचनातून काही निश्चित मागण्या निघतात. पहिली, आपल्याकडे पिकांची पैसेवारी ५० पैशांच्या आत आली, की शेतसाऱ्यात सूट मिळते, सहकारी पीककर्जांचे पुनर्गठन होते. ज्या गावात पीक बुडाले त्या गावातील घराचा हप्ता मात्र वेळेवर यावा, ही अपेक्षा तर्काला धरून नाही. अशा गावांतील राहत्या घरांचे लिलावही त्या वर्षापुरते आपोआप थांबावेत. दुसरी, ताबा घेण्यापूर्वी भाडेपट्ट्याचा लेखी प्रस्ताव कुटुंबापुढे ठेवणे बँकेवर बंधनकारक असावे. भाडे गावच्या दराने, मुदत निदान तीन वर्षांची, आणि त्या मुदतीत मुद्दल व सरळ व्याज भरून घर सोडवून घेण्याचा हक्क. २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची जाहिरात निघताच हा हक्क संपतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून तो करारानेच राखून ठेवला पाहिजे. तिसरी, कुटुंब निघूनच गेले असेल तर घर रिकामे ठेवू नये; ग्रामपंचायतीमार्फत ते शिक्षक, परिचारिका, ग्रामसेवक यांना भाड्याने द्यावे. गावात राहावयास घर नाही म्हणून तालुक्याहून ये-जा करणारा शिक्षक आणि गावात कुलूपबंद पडलेले घर, या दोन गोष्टी एकत्र नांदाव्यात हे लाजिरवाणे आहे. चौथी, विकावेच लागले तर प्रथम त्या कुटुंबाला, मग त्याच गावच्या रहिवाशांना आणि अनुसूचित क्षेत्रात आदिवासींना संधी द्यावी; नोटीस ग्रामसभेत मराठीत व स्थानिक बोलीत वाचून दाखवावी, आणि कुटुंब ऊसतोडीस गेले असेल तर ते परत येईपर्यंत मुदत मोजू नये.

याने कर्ज बुडविण्याची चटक लागेल, असा आक्षेप येईल. कर्ज बुडविणारा आणि कर्जात बुडालेला यांतील भेद ओळखणे बँकेच्या शाखाधिकाऱ्यास अशक्य नसते. गावात तर कोण कशाने थकला हे चावडीवरच्या प्रत्येकाला ठाऊक असते. ऐपत असून न भरणाऱ्याची गय करू नये. दुसरा आक्षेप, नियम आड येतात, हा. नियम वाकविता येतात हे देशाने १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांत पाहिले आहे. रिझर्व्ह बँकेने तेव्हा हप्ते थांबविण्याची मुभा दिली, आणि त्या काळातील व्याजावर व्याज कोणाकडूनही घेऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्च २०२१ रोजी सांगितले. देशभर आलेल्या संकटात जे करता आले ते एका तालुक्यावर आलेल्या संकटात का करता येऊ नये? त्यासाठी रिझर्व्ह बँकेने भाडेपट्ट्याने दिलेल्या घरांच्या तरतुदीचे नियम सैल करावे लागतील, आणि सहकारी बँकांना तीन वर्षे तग धरण्यापुरते साह्य राज्य सरकारने द्यावे लागेल. कर्जमाफीच्या घोषणांवर जो पैसा जातो त्याच्या मानाने हा खर्च थोडा आहे, आणि तो बुडीत नाही.

मिळकत पत्रिका वाटण्याचा समारंभ झाला. आता तिची जोखीम सांभाळण्याची वेळ आहे. कळसाडीच्या माणसाला घराचा कागद मिळावा, त्या कागदावर कर्ज मिळावे, त्या कर्जातून त्याने दोन खोल्या वाढवाव्यात, याला आमचा मनापासून पाठिंबा आहे. परंतु एका हंगामाचा भाव पडला म्हणून त्याच कागदापायी त्याच्यावर उघड्यावर येण्याची पाळी येत असेल, तर कागद नव्हता तेच बरे होते, असे म्हणण्याची वेळ त्याच्यावर येईल. ती येऊ न देणे बँकांच्या हाती आहे. कायद्याने त्यांना भाडेपट्ट्याचा मार्ग दिला आहे आणि सात वर्षांचा अवधीही दिला आहे. पुढचा पडता हंगाम येण्यापूर्वी जिल्ह्यातील बँकांच्या संचालकांनी आणि जिल्हाधिकाऱ्यांनी एकत्र बसून या मार्गाचा निर्णय जाहीर करावा.